गुऱ्हाळ : चरकापासून चर्चेपर्यंत

दसरा-दिवाळी सरली की कोल्हापूरच्या शिवारात गुऱ्हाळघरांची धुराडी धूर सोडू लागतात. ऊस गाळून रसाचा गूळ करण्याची जागा, तिथली सामग्री आणि ते सबंध काम, या तिन्हींना ‘गुऱ्हाळ’ हा एकच शब्द पुरतो. म्हणून ‘मळ्यात गुऱ्हाळ आहे’ असेही म्हणतात आणि ‘यंदा गुऱ्हाळ लवकर सुरू झाले’ असेही.

वर्तमानपत्रांत मात्र हा शब्द बारमाही भेटतो. बैठकीमागून बैठका होतात, तेच मुद्दे तीच माणसे पुन्हा मांडतात आणि निर्णय पुढच्या बैठकीवर जातो, तेव्हा मथळा येतो, ‘चर्चेचे गुऱ्हाळ सुरूच’. या अर्थाचे मूळ चरकात असावे. इंजिन आणि वीज येण्यापूर्वी चरकाला जुंपलेले बैल एकाच रिंगणात दिवसभर फिरत, आणि एकदा पिळलेला ऊस उरल्यासुरल्या रसासाठी पुन्हा चरकात जाई. रस काढून उरलेला कोरडा ऊस म्हणजे चिपाड; राबून खंगलेल्या माणसाचे ‘पार चिपाड झाले’ म्हणतात, तेही इथलेच.

तरीही हा लाक्षणिक अर्थ गुऱ्हाळावर थोडा अन्याय करतो, कारण तो चरकापाशीच थांबतो, काहिलीपर्यंत पोहोचत नाही. चरकातून निघालेला रस काहिलीत पडतो, चिपाडांच्याच जाळावर उकळतो, भेंडीच्या चिकट पाण्याने वर आलेली मळी काढली जाते, आणि पाक दाटू लागला की सारा कारभार गुळव्याच्या हाती येतो. तो थेंबभर पाक गार पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी वळते का ते पाहतो. काहील अंमळ आधी उतरवली तर गूळ बसत नाही, उशिरा उतरवली तर करपतो. चर्चेच्या गुऱ्हाळात नसतो तो नेमका हा गुळव्या.

वाफ्यात, म्हणजे पाक ओतायच्या उथळ हौदात, निवलेल्या पाकाचे रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, बांधून बाजारात जातात. त्यासाठीची शाहूपुरी ही पेठ शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवली, आणि २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले.

एवढे असूनही गुऱ्हाळ आणि गप्पा यांचे नाते अगदीच उसने नाही. आधण, म्हणजे काहिलीतला रस, शिजेपर्यंत चुलवाणाशेजारी शेजारपाजारचे मळेकरी बसतातच, आणि ‘गुऱ्हाळावर या’ या कोल्हापुरी आमंत्रणात रस आणि काकवीइतक्याच या गप्पाही धरलेल्या असतात.