फुकट ते पौष्टिक, पण पोलाद?

मंडळी, विषय जाहीर झालाय 'सुरी करायला भंगारातलं पोलाद कसं ओळखावं'. ते सांगतोच. पण आधी सळईचं गाऱ्हाणं मांडू द्या, त्याशिवाय गाडी पुढं जायची नाही.

बांधकामावर सळईचे हात-दीड हात तुकडे पडलेले असतात, कुणी हटकत नाही, म्हणून नवशिक्या पहिला तिथंच वाकतो. वर 'टीएमटी म्हणजे कडक' ही पढवणी. कडक असते हो, पण कुठं? कारखान्यात लाल सळईवर पाण्याचा मारा करतात, त्यानं बाहेरची साल कडक होते. गाभा मऊच राहतो आणि तो तसाच हवा असतो. भूकंपात खांब वाकला तर चालेल, काडकन तुटायला नको. तुम्ही ती भट्टीत लाल केलीत की साल गेली. न तापवता नुसती घासलीत, तर धार उतरते नेमकी त्या मऊ गाभ्यात. एफई ५०० म्हणजे बांधकामाच्या नेहमीच्या प्रतीच्या सळईत कार्बन जास्तीत जास्त ०.३० टक्के. सुरीला निदान ०.५ हवा. तरी लोक पाणी देऊन, म्हणजे लाल करून झटकन बुडवून, कडक होते का बघतात: आधी तेलात, मग पाण्यात, मग मिठाच्या पाण्यात. नवस तेवढा बोलायचा राहतो! टोमॅटोच्या सालीवरून ती सुरी घसरते ती घसरतेच.

मग जायचं कुठं? हायवेच्या कडेला ट्रकचे कमानपाटे, म्हणजे लीफ स्प्रिंगा, बदलणारे असतात, त्यांच्याकडे. (पाटा म्हटल्यावर कुणाला वरवंटा आठवला? हात वर करू नका, चेहऱ्यावर दिसतंय.) पाट्याचं पोलाद बहुधा ईएन ४५ या स्प्रिंगच्या जातीचं किंवा त्याचं भावंड, कार्बन ०.५ ते ०.६ टक्के. खेड्यातला लोहार पाट्याचा कोयता करतो तो काय उगाच? पण तुटका पाटा मागू नका. एक तर तो किलोवर भंगारात जातो, मालक काटा बघतो. दुसरं, लाखो हेलकावे खाऊन त्यात केसासारख्या चिरा पडलेल्या असतात, विशेषतः मधल्या बोल्टच्या भोकापाशी. नवा पाटा मापात कापताना उरलेलं टोक मागा. त्यानं ओझं वाहिलेलंच नसतं, आणि एका चहात मिळतं. जुनाच पदरी पडला तर घासून साफ करा, डिझेल लावा, कोरडा पुसा आणि वर खडूची पूड भुरभुरा. चीर असेल तिथं डिझेल वर झिरपून काळसर रेघ उमटते. तो भाग दोन-दोन इंच सोडून कापा.

झिजलेली कानस उत्तम, कार्बन एक टक्क्याच्या पुढं. मात्र दाते पूर्ण घासून काढा. दात्याच्या खाचेतूनच पाणी देताना तडा जातो. स्वस्तातल्या काही कानशी फक्त वरून कडक असतात. हॅकसॉ ब्लेड बायमेटल, म्हणजे दोन धातू जोडलेलं, असेल तर चांगलं पोलाद फक्त दात्यांपुरतं. शॉकअॅब्सॉर्बर सीलबंद असतानाच भट्टीत टाकाल तर फुटेल. जस्ताचा मुलामा तापवलात तर धुरानं ताप भरेल. आणि रुळाचा तुकडा कितीही बेवारशी दिसो, रेल्वेच्या मालासाठी १९६६ पासून वेगळा कायदा आहे.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. म्हणजे मूळ विषय आता.

ग्राइंडरला लावा. लांब, सरळ, कमी फुटणाऱ्या ठिणग्या म्हणजे मऊ लोखंड. जवळच फुलबाजीसारख्या फुटल्या तर कार्बन भरपूर. बाजूला माहीत असलेली कानस धरून ताडून बघा, नुसत्या आठवणीवर जाऊ नका. पक्की परीक्षा मात्र तोडूनच होते: बोटभर तुकडा तापवा, चुंबक चिकटेनासं झालं, म्हणजे साधारण ७७० अंश, की त्याहून किंचित उजळ होऊ द्या आणि पाण्यात बुडवा. शिकंजात धरून हातोडा मारा, डोळ्यांना चष्मा हवाच. वाकला तर टाकून द्या. मोडला आणि आत राखाडी, मखमली कण दिसले तर पोलाद कामाचं. कण साखरेसारखे जाड म्हणजे तुम्ही जास्त तापवलंत.

खऱ्या सुरीला पाणी नको, ५०-६० अंश गरम केलेलं शेंगदाणा तेल वापरा, झाकण हाताशी ठेवा. लगेच २०० अंशाला दोन-दोन तास, दोनदा शेका. घरच्या ओव्हनमध्ये शेकणार असाल तर तेल आधी नीट पुसा, नाहीतर पुढचे चार केक शेंगदाण्याचे लागतील.