तीन आकडे आणि त्यांच्यामागची वही

श्रोतेहो, नमस्कार.

फोन हातात आहे, पण लावायचा कुणाला हेच कळत नाही, अशी वेळ तुमच्यावर कधी आली आहे का? घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे आणि दिवसा त्याच्याजवळ बसायला कुणीतरी हवं आहे. किंवा नोकरी सुटली, दोन महिन्यांचं भाडं थकलं आणि घरमालक दार वाजवतोय. आग लागलेली नाही, चोर शिरलेला नाही, रुग्णवाहिका बोलवावी असंही काही नाही. म्हणजे आणीबाणीचा क्रमांक इथे कामाचा नाही. मदत करणारी संस्था कुठेतरी असतेही. पण तिचं नाव ठाऊक नसतं आणि मग टोलवाटोलवी सुरू होते. हे आमच्याकडे येत नाही, तिकडे विचारा. तिकडचे म्हणतात, आधी दाखला आणा. गरजवंताला अक्कल नसते, असं आपल्याकडे म्हणतात. मला ही म्हण कधी पटली नाही. अक्कल असते हो, नेमका शब्द नसतो.

ज्याच्याकडे तो शब्द नाही, त्याच्यासाठी काढलेल्या एका छोट्या क्रमांकाची गोष्ट आज सांगतो.

ही कल्पना फोनपेक्षा माणसांच्या टेबलाजवळ आधी जन्मली. सप्टेंबर 1939 मध्ये ब्रिटनने युद्ध पुकारलं आणि दुसऱ्याच दिवशी तिथे सुमारे 200 ठिकाणी नागरिक सल्ला केंद्रं उघडली. हरवलेली कागदपत्रं, रेशन, कर्ज, बेपत्ता झालेले नातलग, काय वाटेल ते विचारायला लोक यायचे. बाँबहल्ले सुरू झाल्यावर एक केंद्र तर घोडे नेण्याच्या गाडीतून फिरायचं. टेबलापलीकडच्या माणसाकडे पैसे नसत, धान्य नसे. कुणाकडे जायचं एवढंच तो सांगायचा, आणि तेवढ्याने पुष्कळांची कामं व्हायची.

आता फोनकडे येऊ. अमेरिकेत शेवटी एक-एक येणारे तीन आकडी क्रमांक आहेत. दोन-एक-एकपासून नऊ-एक-एकपर्यंत मोजलेत तर आठच भरतात. शून्य आणि एक हे आकडे दूरध्वनी यंत्रणेने आधीच दुसऱ्या कामांना लावले होते, म्हणून त्यांनी सुरुवात करता येत नव्हती. या आठांतले काही तर केव्हाच वाटले गेले. चार-एक-एकवर लोकांचे नंबर विचारायचे, सहा-एक-एकवर फोन बिघडल्याची तक्रार करायची. आणि नऊ-एक-एक, म्हणजे आणीबाणी. त्याचा पहिला फोन 16 फेब्रुवारी 1968 रोजी अलाबामातल्या हेलीव्हिल नावाच्या छोट्या गावात वाजला. असे मोजके क्रमांक उरलेले असताना त्यातला एक समाजसेवेच्या चौकशीसाठी मागायचा, याला धाडस लागतं.

ते अटलांटा शहराने दाखवलं. 1997 मध्ये तिथल्या युनायटेड वे या संस्थेने दोन-एक-एक सुरू केला. दोन वर्षांनी कनेक्टिकटने तो सबंध राज्यात नेला. मधल्या काळात, 1998 मध्ये, अशी काही माहिती केंद्रं आणि युनायटेड वे मिळून तिथल्या केंद्रीय दूरसंचार आयोगाकडे गेली आणि हा क्रमांक देशभर याच कामासाठी राखा, असा अर्ज केला. आयोगाने 21 जुलै 2000 रोजी तो मान्य केला. पुढच्याच वर्षी कॅनडानेही हाच क्रमांक याच कामाला दिला आणि 2002 मध्ये टोरांटोत तो सुरू झाला.

एक बारीकशी गोष्ट इथे लक्षात घ्या. आयोगाने क्रमांक दिला, पैसे दिले नाहीत. केंद्र कुणी चालवायचं, पगार कुणी द्यायचे, हे ज्याचं त्याने बघायचं. त्यामुळे एका जिल्ह्यात क्रमांक वाजायचा आणि शेजारच्या जिल्ह्यात तो लागायचाच नाही, असं बरीच वर्षं चाललं. युरोपातही तेच झालं. 2007 मध्ये युरोपीय संघाने एक-एक-सहाने सुरू होणारे क्रमांक सामाजिक सेवांसाठी राखून ठेवले. हरवलेल्या मुलांसाठी एक, मुलांच्या मदतीसाठी एक, मनाचा भार हलका करायला एक. कागदावर क्रमांक आला. पण कितीतरी देशांत पलीकडून उचलायला कुणी येईपर्यंत वर्षं गेली. पाटी आधी रंगवायची आणि दुकान नंतर बघायचं, त्यातला हा प्रकार.

बरं, तीन आकडे दाबल्यावर घडतं काय? जादू काही नाही. टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोंद केलेली असते की या भागातून कुणी दोन-एक-एक लावला, तर त्याला अमुक एका पूर्ण लांबीच्या नंबराकडे वळवा. लहान क्रमांकाच्या पोटात एक लांब क्रमांक दडलेला असतो. ही नोंद प्रत्येक कंपनीने आपापल्या यंत्रात करायची असते, आणि घोळ होतो तो तिथेच. घरच्या फोनवरून लागतो, मोबाइलवरून लागत नाही. सीमेवर राहणाऱ्याचा मोबाइल पलीकडच्या जिल्ह्याचा मनोरा पकडतो आणि फोन भलत्याच केंद्रात जातो. मोठ्या कार्यालयांत, इस्पितळांत आतलं वेगळं एक्सचेंज असतं, त्याला हे तीन आकडे कुणी शिकवलेलेच नसतात. इस्पितळात बसलेल्या माणसालाच या क्रमांकाची गरज जास्त, हा त्यातला विनोद. म्हणून जाणकार लोक पोटातला तो लांब नंबरही छापतात, आणि उद्घाटनाच्या आधी वेगवेगळ्या फोनांवरून स्वतः लावून बघतात.

क्रमांक उच्चारायचा कसा, हेही ठरवावं लागतं. दोनशे अकरा म्हटलंत तर ऐकणारा अकराचं बटण शोधेल. दोन, एक, एक असंच म्हणायचं. आपल्याकडे मुलांसाठीची हेल्पलाइन 1996 मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून सुरू झाली. तिचा क्रमांक 1098. तो एक हजार अठ्ठ्याण्णव असा कुणाच्या लक्षात राहिला असता? दहा, नऊ, आठ म्हणा. उलटे आकडे मोजणाऱ्या पोराच्या तोंडी तो सहज बसतो.

इथपर्यंतचं काम खटपटीचं असलं, तरी एकदाच करायचं आहे. रोजचं काम आहे वहीचं. वही म्हणजे आता संगणकातली यादी, पण मी तिला वहीच म्हणतो. कोणती संस्था काय देते, कुणाला देते, कोणत्या वेळी, कोणते कागद लागतात, पायऱ्या आहेत की चाकाची खुर्ची आत जाते. आता भूक हा एकच शब्द घ्या. शिजवलेलं जेवण, कोरडा शिधा, म्हाताऱ्यांना घरपोच डबा, तान्ह्या बाळाचं दूध, या चार वेगळ्या गरजा आहेत आणि त्या पुरवणारे चार वेगळे लोक. या सगळ्याला एकसारखी नावं हवीत, म्हणून लॉस एंजेलिसच्या माहिती केंद्राने सेवांची एक वर्गवारी रचली. तिच्यात हजारो शब्द आहेत आणि अमेरिकेतली इतर केंद्रंही ती वापरतात. तिथल्या कामाचा दंडक असा, की वहीतली प्रत्येक नोंद वर्षातून निदान एकदा तपासायची. फोन करून विचारायचं: चालू आहात ना? वेळ तीच ना? कंटाळवाणं काम आहे. त्याला देणगी मिळत नाही, त्याचा फोटो छापून येत नाही. माझ्या मते तरी असे क्रमांक बंद पडतात ते या कामाला माणूस नेमलेला नसतो म्हणून.

आणि फोन घेणारी व्यक्ती. तुम्हाला कोणती सेवा हवी, असं ती विचारत नाही. काय झालंय, असं विचारते. वीजबिलाला मदत मिळेल का, म्हणून कुणी फोन करतं. बिल का थकलं? नवरा चार महिने आजारी आहे. म्हणजे औषधांचाही प्रश्न आहे, कदाचित मुलांच्या शाळेचाही. मग ती दोन-तीन पत्ते देते. समोरचा फार गोंधळलेला वाटला, तर स्वतःच त्या संस्थेला फोन जोडते आणि दोघं बोलायला लागेपर्यंत थांबते. नाव सांगण्याची सक्ती नसते. मदत मिळालीच नाही, तर तेही टिपून ठेवायचं. कोणत्या भागातून काय मागितलं गेलं आणि देणारं कुणीच नव्हतं, ही नोंद सरकारला बाकीच्या अहवालांपेक्षा जास्त सांगून जाते.

केंद्राला शेजारी मात्र हवा. 2005 मध्ये कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडालं, तेव्हा तिथल्या केंद्रातल्या लोकांनाच शहर सोडावं लागलं. मग तिथले फोन त्याच राज्यातल्या मन्रो गावी घेतले गेले.

मी स्वतः काही काळ अशी एक वही सांभाळली आहे, फार लहान, हाताने लिहिलेली. एकदा एका बाईंना मी एक पत्ता दिला. दोन तासांनी त्यांचाच फोन आला. मी ओशाळून ऐकत होतो. कार्यालय तिथून हललं होतं, दाराला कुलूप होतं, आणि त्या उन्हातून गेल्या होत्या. मी क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, ते राहू द्या, आधी लिहून घ्या. शेजारी विचारून त्यांनी नवीन पत्ता काढला होता. त्यांनी तो सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितला आणि मग म्हणाल्या, आता वाचून दाखवा.

मी वाचून दाखवला.

नमस्कार.