दाराची कडी

नमस्कार, श्रोतेहो.

लालबागच्या आमच्या चाळीतली मुलं चाळीस वर्षांनी भेटायची ठरली. मुलं म्हणजे आता सगळे पंचावन्नच्या पुढचे. चाळ राहिली नाही, तिथे टॉवर आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप झाला, आठवणींना ऊत आला आणि कुणीतरी लिहिलं: लोअर परळच्या मॉलमधलं हॉटेल, माणशी दीड हजार. सगळ्यांनी अंगठे वर केले. एकट्या बंड्याने (नाव बदललंय हं) लिहिलं, ‘डबल ड्युटी आहे, जमणार नाही.’

मी शहाण्यासारखा फोन केला. म्हटलं, ‘अरे, तुझे मी भरतो.’ पलीकडून थोडा वेळ नुसती पंख्याची घरघर. मग ‘ठेवतो’ म्हणाला. संध्याकाळी ग्रुपमध्ये त्याचं नाव नव्हतं.

हे दुखणं जुनं आहे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. नुसता विरत गेला. बंड्याचे वडील गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, माझे बेस्टमध्ये कंडक्टर. दोघांची खोली दहा बाय बारा, नळ एक, संडासाची रांग एक. उलट दिवाळीला गिरणीचा बोनस झाला की त्यांचा आकाशकंदील आमच्यापेक्षा मोठा असायचा. आम्ही दोघं सातवीत, गणित त्याचं पक्कं. फरक पडला तो एवढाच की आमच्याकडे एक तारखेला पगार येत राहिला.

आधी बंड्याची आई वाटीभर तांदूळ न्यायची, परत करताना वाटीवर शीग असायची. मग शीग गेली. मग वाटी यायची थांबली. तोवर चाळीत दिवसा दार लावायची पद्धत नव्हती. त्या पावसाळ्यात जेवणाच्या वेळी दारं लोटली जायला लागली. एका दुपारी आईने आमच्या दाराला कडी घातली. सुकटीचा वास मात्र गॅलरीभर होता, आणि बाहेर बंड्या गोट्या खेळत होता. मी जेवलो. पोटभर जेवलो, हेही सांगून टाकतो.

तो नववीत शाळा सोडून कुरिअरच्या थैल्या उचलायला लागला. वडील मालवणकडे गावी गेले, तिथेच वारले. गेल्या महिन्यात मी त्याच्या नालासोपाऱ्याच्या खोलीवर गेलो. त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून आईच्या नावाचा गिरणी कामगारांच्या घराचा अर्ज काढला. घर २२५ चौरस फुटांचं, तेही लॉटरीत लागलं तर. १९९१ च्या नियमात गिरणीच्या जमिनीचा तिसरा हिस्सा म्हाडाला, घरांसाठी जायचा होता. २००१ मध्ये तो नियम फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जागेपुरता उरला, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केलं. बाकीच्या जमिनीवर काय उभं राहिलं, ते करी रोडच्या पुलावरून दिसतं.

‘तुमचं हॉटेल तिथेच ना?’ बंड्याने विचारलं. मी मान हलवली.

हॉटेल रद्द केलं, श्रोतेहो. रविवारी आम्ही चिंचपोकळी स्टेशनबाहेर भेटतोय, त्याची ड्युटी सुटल्यावर. चहाचे पैसे तो देणार आहे. कुणी खिशात हात घालायचा नाही, असं त्याने आधीच बजावलंय.