फॅनीचे उसने आवाज

[काळोख. जुन्या तबकडीची खरखर.]

न्यूयॉर्क, १९२१. झीगफेल्ड फॉलीज या नाच-गाणी-विनोदाच्या खेळाचा झगमगता रंगमंच. रस्त्यावरच्या दिव्याला टेकून एक बाई उभी आहे. प्रेक्षक हसायच्या तयारीतच बसलेत, कारण ही फॅनी ब्राइस. ही आली की डोळे फिरवणार, पाय वाकडे टाकणार आणि थिएटर हसून हसून लोळणार. आज मात्र ती जागची हलत नाही. नुसती गाते.

[गाण्याचे सुरुवातीचे सूर]

'माय मॅन'. मूळ गाणं फ्रेंच. तो बाहेरख्याली आहे, मारतोसुद्धा, तरी मी त्याचीच. एकतर्फी झुरणीच्या अशा गाण्यांना अमेरिकेत 'टॉर्च साँग' म्हणतात. त्या रात्री कुणी हसलं नाही, कारण पेपर सगळ्यांनीच वाचले होते. फॅनीचा नवरा निकी आर्नस्टीन वॉल स्ट्रीटवरच्या पन्नास लाख डॉलरच्या रोखेचोरीत अडकला होता. फॅनी भरजरी कपड्यांत तालमीला आली, तेव्हा फॉलीजचा निर्माता झीगफेल्डने ते उतरवून तिला फाटका झगा घालायला लावला, असं सांगतात. गाणं कुठे लागणार, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. खरं-खोटं मिसळून तिकिटं विकण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

[न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड वस्तीची जुनी छायाचित्रं]

फॅनीचा जन्म १८९१. नाव फानिया बोराक. आई हंगेरीहून आलेली ज्यू, आईवडिलांचा धंदा दारूच्या गुत्त्यांचा. ब्रुकलिनच्या एका थिएटरात हौशी कलाकारांच्या रात्री पोरगी गायली आणि पहिली आली. पुढे कोरसमध्ये लागली, पण नाच जमेना म्हणून हाकलली गेली.

मग १९०९ साली गीतकार आयर्विंग बर्लिनने तिच्या हातात एक गाणं ठेवलं. सेडी नावाची ज्यू मुलगी नर्तकी व्हायला निघते आणि तिचा प्रियकर कपाळाला हात लावतो. हे यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या बोलीच्या ढंगात म्हण, असं बर्लिननं सुचवलं. पंचाईत अशी, की फॅनीला यिडिश येत नव्हतं. तिनं ऐकलेले हेल उचलले आणि लोकांना ते इतके अस्सल वाटले, की पुढच्याच वर्षी झीगफेल्डने तिला उचललं.

[तबकडी फिरताना]

'माय मॅन'च्या तबकडीची दुसरी बाजू ऐकाच. तिथे 'सेकंड हँड रोझ'. जुन्या वस्तू विकणाऱ्याची ही मुलगी. अंगावरच्या कपड्यापासून सगळं तिला दुसऱ्याचं वापरलेलंच मिळतं. एका बाजूला रडू, दुसऱ्या बाजूला हसू, आणि गळा तोच. मला तर ही दुसरी बाजूच जास्त लागते.

१९२३ साली तिनं नाकाची शस्त्रक्रिया करून घेतली. त्यावर बरेच टोमणे झाले. निकी लेव्हनवर्थच्या तुरुंगात गेला, आणि १९२७ मध्ये दोघांचा घटस्फोट झाला.

[रेडिओची खरखर]

रेडिओवर फॅनीला आणखी एक आवाज सापडला, बेबी स्नूक्सचा. प्रश्नांनी बापाला भंडावून सोडणारी द्वाड पोर. पन्नाशी उलटल्यावरही फॅनी ती पोर वठवत होती आणि अमेरिका दर आठवड्याला रेडिओला कान लावून बसत होती.

२९ मे १९५१. फॅनी गेली, वय ५९. त्या संध्याकाळच्या कार्यक्रमात तिला श्रद्धांजली वाहिली गेली. शेवटचे दोन शब्द बोलला हॅन्ली स्टॅफर्ड, बेबी स्नूक्सचा रेडिओवरचा बाप.