बाजेवरचा पाचवा

(नाशिक रोडच्या एका धर्मग्रामातील (पॅरिशमधील) पुरुष मंडळापुढे संत योसेफाच्या सणाला दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

फादर, मंडळातले सगळे भाऊ, आणि मागे पातेल्यांपाशी उभे असलेले तुम्ही चौघं, जय ख्रिस्त.

उपवासकाळाच्या मधोमध आला तरी हा सण आहे, म्हणून आज मटणाला परवानगी आहे, आणि त्याचा वास इथपर्यंत येतोय. जेवणाआधीचं भाषण ऐकणं हीसुद्धा एक सेवाच आहे. लवकर सोडतो तुम्हाला.

मला विषय दिलाय ‘सेवा आणि सहवास’. सेवेबद्दल तुम्हाला मी काय शिकवणार? फेब्रुवारीत नेहरूनगरला बाळ येशूची यात्रा भरते, वसई-मुंबईपासून गोव्यापर्यंतची माणसं येतात, सगळ्या धर्मांची येतात. तेव्हा शिट्टी घेऊन उन्हात गाड्या कोण लावतं? सप्टेंबरात मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला हरेगावला जाणाऱ्या बसमध्ये पाण्याचे जार कोण चढवतं? कुणाच्या घरी माणूस गेला तर खड्ड्यापासून माती देईपर्यंत कोण थांबतं? हे सगळं तुम्ही करता. मी तीस वर्षं तुमच्यात राहून पार्किंगच केलंय. नोकरी नोटा छापणाऱ्या प्रेसमध्ये गेली, तिथे नोटा मोजायच्या. यात्रेत मोटारसायकली मोजल्या. मोटारसायकलींचा हिशोब जास्त अवघड, नोटा निदान वाकड्या उभ्या राहत नाहीत.

आपल्या पुरुषांचं एक आहे. ‘या, बसू, मनातलं बोलू’ असं म्हटलं की आपण मोबाइल काढतो. तेच दोघांना एका सतरंजीची दोन टोकं धरायला द्या, सतरंजी घडी होईपर्यंत एकाच्या मुलीच्या स्थळाचं आणि दुसऱ्याच्या शुगरचं सगळं कळलेलं असतं. यात्रेच्या रात्री अकरा वाजता, शेवटची बस गेल्यावर, आपण दोऱ्या गुंडाळत असतो, कोणीतरी उरलेल्या चहाचं पातेलं आणतं, तेव्हा जे बोलणं होतं ते मासिक बैठकीच्या इतिवृत्तात कधी आलेलं नाही. यायलाही नको. तर सहवास म्हणजे वेगळा कार्यक्रम नव्हे, तो कामाच्या पोटातून येतो, हे मला मान्य आहे. यापुढचं मला नीट जमलेलं नाही, म्हणून त्याबद्दलच बोलतो.

त्याआधी एक कटू गोष्ट चटकन सांगून टाकतो. आपण नाशिक रोडचे कॅथलिक म्हणजे रेल्वेनं, प्रेसनं आणि देवळालीच्या लष्करानं गोळा केलेली माणसं. गोव्याचे, मंगळूरचे, तमिळ, मलयाळी, आणि आम्ही नगर जिल्ह्यातून आलेले, राहुरी-श्रीरामपूर-संगमनेरकडचे. चर्चमधल्या इंग्रजी उपासनेला, मिस्साला, जाणारे वेगळे, मराठी मिस्साला जाणारे वेगळे. प्रीतिभोजनात आपण एकत्र बसतो, पण कोण कुणाशेजारी बसतं ते बघा एकदा. आज बघा, थोड्या वेळानं. बाकी मी काही बोलत नाही.

आता पॅरिसला जाऊ. 1832 मध्ये तिथे कॉलऱ्यानं हजारो माणसं नेली. फ्रेडरिक ओझानाम नावाचा कायद्याचा विद्यार्थी तेव्हा तिथे शिकत होता. विद्यार्थ्यांच्या चर्चामंडळात तो ख्रिस्ती धर्मानं जगाला काय काय दिलं यावर हिरिरीनं बोलायचा. समोरच्यांनी एक दिवस त्याला सरळ विचारलं, पूर्वी दिलं असेल, आज तुम्ही लोक काय करता? उत्तर नव्हतं. सांगतात, की त्यानं आणि त्याच्या मित्रानं थंडीसाठी ठेवलेलं उरलंसुरलं सरपण उचललं आणि एका गरीब घरी नेऊन टाकलं. उत्तर तेच. 23 एप्रिल 1833 ला त्याचा विसावा वाढदिवस होता, त्या दिवशी सहा विद्यार्थी आणि बेली नावाचे एक वडीलधारे गृहस्थ पहिल्यांदा जमले. त्यातून संत व्हिन्सेंट डी पॉल संस्था उभी राहिली. आज ती दीडशेच्या आसपास देशांत आहे. ओझानाम चाळिसाव्या वर्षी गेले, 1997 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं.

हे सगळं तुम्ही सप्टेंबरात संत व्हिन्सेंटच्या सणाला ऐकता. मला त्यातल्या दोन बारक्या गोष्टी धरायच्या आहेत. या पोरांना गरिबांत कसं जायचं हे ठाऊक नव्हतं. शिकवलं सिस्टर रोझाली रँदू यांनी. पॅरिसमधल्या मूफतारच्या गरीब वस्तीत त्यांचं काम होतं. त्यांनी घरांचे पत्ते दिले, पाव आणि मटणाच्या चिठ्ठ्या दिल्या, आणि घरी पाठवलं. वाटप एका जागी बोलावून केलं नाही, रांग लावली नाही; जाऊन घरात बसायचं. दोघांनी जायचं, एकट्यानं नाही. आपण मात्र रांग लावण्यात तरबेज आहोत, यात्रेची सवय आहे ना.

दुसरी गोष्ट झोळीची. या संस्थेच्या सभेत शेवटी एक झोळी फिरते. बंद झोळी. प्रत्येकजण मूठ आत घालतो. कोणी किती टाकलं दिसत नाही. जास्त देणाऱ्याला मिरवता येऊ नये हा त्याचा एक अर्थ, तो सगळे सांगतात. मला दुसरा जास्त भावतो. ज्याच्याजवळ त्या आठवड्यात काहीच नाही, तोही मूठ आत घालतो आणि रिकामी बाहेर काढतो, आणि शेजारच्याला कळत नाही. म्हणजे ही झोळी ज्यांनी काढली त्यांनी गृहीतच धरलं होतं की मदत करायला बसलेल्यांतच एखादा रिकाम्या हाताचा असणार.

आपण हे गृहीत धरलेलं नाही.

आता ज्याच्यासाठी मी आज इथे उभा राहिलो ते सांगतो. त्याचं नाव सांगणार नाही, ज्यांना माहीत आहे त्यांनीही सांगू नये. 2020 च्या टाळेबंदीत आपण शिधा वाटला. पाच किलो पीठ, तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर-चहा. मंडळातल्या एकाकडे वही होती. त्याचं अक्षर चांगलं, स्वभाव काटेकोर. कोणाच्या घरात किती माणसं, कोणाला गेल्या खेपेला मिळालं, कोण लाजून मागत नाही म्हणून संध्याकाळी अंधार पडल्यावर जायचं, सगळं त्या वहीत. शेकड्यानं नावं लिहिली त्यानं.

हा माणूस शाळेची व्हॅन चालवायचा. स्वतःची, कर्जावर घेतलेली. शाळा कधी बंद झाल्या आणि कधी उघडल्या ते आठवा तुम्ही. आम्हाला कोणालाही हा हिशोब सुचला नाही. तो पिशव्या उचलत होता, मास्कमागून हसत होता, आणि आम्ही त्याला म्हणत होतो, तू आहेस म्हणून चाललंय सगळं.

मग पुढे तो यायचा थांबला. मिस्साला दिसायचा, मागच्या बाकावर, शेवटचं गीत सुरू व्हायच्या आत बाहेर. मंडळाच्या बैठकीला नाही, नाताळच्या तयारीला नाही. आम्ही काय निष्कर्ष काढला? सणाच्या पत्रिकेत त्याचं नाव राहिलं होतं, म्हणून रुसला. तीन महिने आम्ही या रुसव्यावर चर्चा केली. एकानं तर सुचवलं की पुढच्या पत्रिकेत ठळक छापू.

कळलं ते किराणा दुकानदाराकडून. दुकानदार आपल्या धर्माचा नाही, पण त्याला जे दिसलं ते आम्हाला दिसलं नाही. मी आणि आणखी एकजण वहीवाल्याच्या घरी गेलो. त्यानं बसवलं, हवापाण्याच्या गप्पा झाल्या, चहा आला. कोरा. ‘दूध नासलं हो आज,’ म्हणाला. आठवड्यानं परत गेलो, परत दूध नासलेलं. तिसऱ्या खेपेलाही नासलेलंच. चौथ्या वेळी मी दुधाची पिशवी घेऊन गेलो, टेबलावर ठेवली आणि काही बोललो नाही. मग तो बोलला. व्हॅन विकली होती, निम्म्या किमतीला. कर्ज तरीही उरलं होतं. बायकोची पोत सोनाराकडे होती.

मी त्याला म्हटलं, अरे वही तुझ्याच हातात होती. एक ओळ लिहायची होती.

तो म्हणाला, ‘मामा, वही लिहिणाऱ्यानं आपलंच नाव त्यात कसं लिहायचं?’

या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आजही पुरतं नाही. पण मार्कच्या शुभवर्तमानातली एक गोष्ट तेव्हापासून डोक्यात आहे. कफर्णहूमला येशू घरात आहे, दारात गर्दी. चौघंजण एका पक्षाघात झालेल्या माणसाला बाजेवर घालून आणतात. आत शिरता येत नाही, म्हणून वर चढून छप्पर खोदतात आणि बाज खाली सोडतात. ज्यानं आपल्या नगरकडची धाब्याची घरं पाहिलीत त्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. माती, काटक्या, लाकडं, खोदता येतं. दुसऱ्या दिवशी ते धाबं कोणी नीट केलं, हे मार्क सांगत नाही. आपलं मंडळ असतं तर त्यावर तीन बैठका आणि एक उपसमिती झाली असती.

या गोष्टीवर मी कितीतरी प्रवचनं ऐकली. सगळी त्या चौघांवर. बरोबर आहे, येशूनं त्यांचा विश्वास पाहिला असं लिहिलंच आहे. पुरुष मंडळाला तर ही गोष्ट आयती मिळते: चौघं मिळून उचला, अडचण आली तर छप्पर फोडा. पण माझं लक्ष आता पाचव्याकडे जातं. तो बाजेवर पडून राहिला. चौघांनी दोऱ्या बांधल्या, वर नेलं, गावादेखत छपरातून खाली सोडलं, आणि तो ‘नको रे, माझं काय एवढं’ म्हणाला नाही. तुम्ही त्याच्या जागी झोपून बघा मनातल्या मनात. उचलणं सोपं वाटेल.

कोणी म्हणेल, आज संत योसेफाचा सण, तो तर शुभवर्तमानात एक शब्द बोलत नाही. येशूला सांभाळणारा, गुपचूप काम करणारा बाप. 1955 पासून 1 मे हाही त्याचाच दिवस, कामगार योसेफाचा. आपण पुरुषांनी या मौनाचा फार सोयीचा अर्थ लावलाय. अहो, तो बोलला नाही म्हणून त्यानं मदत घेतली नाही असं थोडंच आहे? बायको-पोराला घेऊन रातोरात मिसरला गेला. परका देश, परकी भाषा. तिथे कोणीतरी ओसरी दिली असेल, हाताला काम दिलं असेल. सुतार होता, हत्यारं सगळी बरोबर नेता आली असतील का? मला वाटतं त्यानं कोणाकडे तरी रंधा मागितला असेल. शुभवर्तमानात नाही हे, माझ्या मनचं आहे. फादर, माफ करा.

(फादर: चालेल, रंध्यापर्यंत चालेल.)

तर आम्ही काय केलं? फार मोठं काही नाही. बैठकीच्या शेवटी झोळी फिरवायला लागलो, बंद. मदतीच्या वाटपाचे फोटो बंद केले. त्यावर वाद झाला, दोघं अजून नाराज आहेत, असू द्या. आणि महिन्याला दोघादोघांनी जोडीनं आपल्याच सभासदांच्या घरी जायचं ठरवलं. कारण असो वा नसो. जोडी लावताना एक इंग्रजी मिस्साचा, एक मराठी मिस्साचा. सुरुवातीला हास्यास्पद वाटलं. डिसूझा अंकल म्हणावेत असे एक गृहस्थ माझ्या जोडीला आले, आम्ही दोघं एका तिसऱ्याच्या सोफ्यावर गप्प बसून त्याच्या घरातली क्रिकेटची मॅच बघत होतो. दुसऱ्या महिन्यातही तेच. पाचव्या महिन्यात त्या घरधन्यानं टीव्ही बंद केला.

दारूचंही बोललं पाहिजे. आपल्यातल्या बऱ्याच ‘सहवासा’ला बाटलीचा वास असतो, आणि ते आपण हसण्यावारी नेतो. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस हे दारू सोडू पाहणाऱ्यांचं मंडळ 1935 मध्ये अमेरिकेत ॲक्रनला सुरू झालं, दोन पिणाऱ्यांच्या भेटीतून. त्यांच्या सभेत माणूस उभा राहून पहिल्यांदा आपलीच अडचण सांगतो. तिथे वही लिहिणारा वेगळा नसतो. आपल्यातला एकजण त्या सभांना जातो, त्यानंच मला हे सांगितलं, आणि म्हणाला, मामा, मंडळात तीस वर्षं होतो, पण खरं पहिल्यांदा बोललो ते तिथल्या अनोळखी माणसांपुढे. हे ऐकून मला बरं वाटलं नाही. वाटू नयेच.

तो वहीवाला आता परत येतो. भाड्याची व्हॅन चालवतो. वही त्याच्याकडेच आहे, आम्ही बदलली नाही. त्यानं एक केलंय, पहिल्या पानावर मंडळाच्या सगळ्या सभासदांची नावं आधी लिहून ठेवलीत. त्याचं स्वतःचं सातवं आहे. माझं अकरावं.

आता मटण शिजलं असेल. शेवटचं एकच. दोन महिन्यांपूर्वी माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, हे तुम्हाला माहीत आहे, तुम्ही फळं घेऊन आलात. मी सगळ्यांना सांगितलं की मुलगा मला मिस्साला नेतो. मुलगा पुण्याला असतो, महिन्यातून एकदा येतो. बाकीचे रविवार मी घरी मोबाइलवर मिस्सा बघतो. तर मला रविवारी सकाळच्या मराठी मिस्साला कोणीतरी घेऊन जायला हवंय. स्कूटरवर गुडघा वाकत नाही, चारचाकी लागेल. जेल रोडला राहतो. जेवताना येऊन सांगा.