तळहाताला तेल सुटत नाही

(दृश्य: पर्वती पायथा, सकाळी साडेसहा. चढाची गल्ली, शाल गुंडाळलेल्या मावशी.)

डिसेंबरातलं पुणं. मावशी निघाल्या की सहकारनगरातली सहा घरं उरकूनच परततात.

(दृश्य: सिंकमध्ये हात. अगदी जवळून.)

हा उजवा अंगठा बघा. पेरावरची चीर काळी पडली आहे. तव्याची काजळी तिच्यात शिरून बसली आहे. काढायची तर पुन्हा साबणच.

त्वचा तेलकट, कोरडी की मिश्र, हे आपण आरशात चेहरा बघून ठरवतो. क्रीमच्या डब्यांवरही तेच छापतात. मावशींचं कपाळ नऊलाच चकाकतंय. तळहाताला मात्र तैलग्रंथीच नसतात, मग चेहरा कितीही तेलकट असो.

(दृश्य: गवंडीकाम. वीट, थापी, दर्जा.)

त्वचेचा सगळ्यात वरचा थर म्हणजे मृत पेशींच्या विटा. विटांमधल्या फटींत दर्जा भरलाय तो सिरॅमाइड (त्वचेतलाच एक मेद), कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लांचा. हो, रक्ताच्या रिपोर्टमध्ये आपल्याला घाबरवतं तेच कोलेस्टेरॉल. इथे ते पाणी आत धरून ठेवायला मदत करतं. तळहातावर हा थर चांगला जाड, तरी तिथून पाणी जास्तच उडतं. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी, सामू (pH) 5 च्या आसपास. अंगाच्या साध्या साबणाचा 9 ते 10, म्हणजे उलट अल्कधर्मी. आणि भांड्यांची वडी तर तेल काढायलाच बनवलेली. कढईवरचं तेल आणि विटांमधलं तेल तिला सारखंच. हा दर्जा निघाला की पूर्ववत व्हायला कित्येक तास, कधी काही दिवस लागतात. मावशी पुढच्या घरी दहा मिनिटांत पोचतात.

(दृश्य: मंडईजवळचं काष्ठौषधींचं दुकान. मग घरची चूल.)

हे कोकम तेल. नावाला तेल, प्रत्यक्षात पांढुरका घट्ट गोळा. गरम तव्याला टेकवला की पाघळतो, आणि कोमट असतानाच चिरेत भरायचा. याने त्वचेतलं पाणी उडणं कमी होतं. साधं व्हॅसलीनही तेच काम करतं, हात ओलसर असतानाच लावलं तर. पण सकाळी पहिल्याच कढईबरोबर ते धुऊन जातं. रबरी हातमोजे, आत सुती, एवढं त्या सहा घरांनी आणून ठेवायला काय हरकत आहे? घासणी आणतोच ना आपण.

(दृश्य: अंगठा, पुन्हा जवळून.)

चीर पिकली की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. परवा रेशनच्या दुकानात यंत्राने हा अंगठा तीनदा नाकारला. तिथे आम्हाला कॅमेरा काढू दिला नाही.