घशाच्या कॅन्सरचा शेक: मास्क सैल झाला तर लगेच बोला!

राम राम मंडळी! शेक म्हणजे रेडिएशन, किरणांचा उपचार. कमेंटमध्ये तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय. धुळ्याच्या एका ताईंनी तर अहिराणीतच विचारलंय, "दादा, शेक घसाले, मंग तोंड काब सुकस?"

ताई, कानाच्या पुढे-खाली दोन्ही बाजूंना लाळेच्या मोठ्या ग्रंथी असतात, पॅरोटिड. त्यांना शेक लागला की लाळ आटते. म्हणून आता आयएमआरटी करतात, म्हणजे किरणांची मात्रा जागेजागी कमी-जास्त करून दिलेला शेक. गाठीला साधारण 70 ग्रे (ग्रे म्हणजे शेकाच्या डोसचं माप), 35 सिटिंग, सात आठवडे. पण पॅरोटिडला सरासरी 26 ग्रेच्या आत ठेवायची धडपड. ब्रिटनच्या पार्सपोर्ट चाचणीत (2011) वर्षभरानंतर तोंड बऱ्यापैकी कोरडं असलेले रुग्ण जुन्या पद्धतीत 74 टक्के होते, आयएमआरटीत 38. मशीनचं झालं एवढंच.

आता माझं डोकं फिरतं ते मास्कवरून. गरम पाण्यात मऊ केलेली प्लॅस्टिकची जाळी चेहऱ्यावर बसवतात, ती तिथेच कडक होते. उठल्यावर कपाळावर, नाकावर चौकटी उमटलेल्या असतात. "एवढा घट्ट कशाला आवळता?" अहो, गाठ आणि ग्रंथी यांच्यात अंतर किती, तर काही मिलिमीटर! तेवढी मान हलली, तर वाचवायची ती ग्रंथीच शेकात येते.

रावेरकडचे एक केळीवाले काका. चौथ्या आठवड्यात खुशीत, "आता मास्क कसा मोकळा वाटतो!" आम्हाला नाही, काकूंना सांगितलं. काकू आमच्यावर उपकार करून बोलल्या. जबडा मास्कमध्ये चक्क इकडेतिकडे सरकत होता. वजन उतरलेलं. नवा मास्क, नवं सीटी, नवं प्लॅनिंग.

आणि गंमत बघा, पॅरोटिड स्वतःही आकसते, आत सरकते, म्हणजे जास्त डोसकडे. म्हणून सैल मास्क म्हणजे आराम नव्हे, हो! त्याच दिवशी टेक्निशियनला सांगा.

वजन टिकवायचं तर खा. पण ठेचा नको, कळण्याची भाकरी नको, भरीतही नको. हो, जळगावात राहून हे बोलतोय, शिव्या द्या. तोंड सोललेलं असताना दूध-केळं, गिचका भात, तूप घातलेलं वरण. तेही उतरत नसेल तर डॉक्टर नाकातून नळी घालायचं म्हणतील, घाबरून पळू नका.

दाढीवाल्या भाऊंची कमेंट राहिली. भाऊ, दाढी मास्क बनवायच्या आधी काढा. दाढीवर मास्क बनवून मग न्हाव्याकडे गेलात, की झाला सैल!